पडद्याकडे पाठ

अभिमनने खानदेशातल्या जत्रांसाठी आजवर वीस-बावीस कौटुंबिक सिनेमे तमाशात उतरवले आणि त्यातला एकही धड पाहिला नाही. तिकीट काढून तो टॉकीजमध्ये जायचा, पहिल्या रांगेत बसायचा, दिवे मालवले की पडद्याकडे पाठ करायचा आणि शेवटपर्यंत तसाच बसायचा. अमळनेरच्या टॉकीजचा डोअरकीपर सुरुवातीला वैतागला, मग त्याला सवय झाली. कोणी तक्रार घेऊन आलं की तोच समजूत घालायचा, "येडा नही शे तो. तमासगीर शे."

अभिमनचं म्हणणं असं होतं, की सिनेमा डोळ्यांना फसवतो. पडद्यावर मोटार येते, पाऊस येतो, बंगल्याचा जिना येतो. यातलं काहीच चार फळ्यांच्या स्टेजवर आणता येत नाही. स्टेजवर येतं ते कानाला लागतं तेवढंच: बोलणं, रडणं आणि गाणं. शिवाय पाठ फिरवून बसलं की समोर प्रेक्षक दिसतात. बाया कुठल्या बोलण्याला पदर डोळ्यांकडे नेतात आणि पुरुष कुठल्या जागी उगाच खाकरतात, हे त्याला टिपायचं असे. ज्या जागेला बाया रडल्या ती जागा वगात ठेवायची, बाकीची काढून टाकायची. पुण्या-मुंबईकडची भाषा काढून तिथे आपली अहिराणी घालायची, आणि गाणी लग्नातल्या नाहीतर कानबाई देवीच्या गाण्यांच्या चालींवर बांधायची. गण, गवळण आणि बतावणी झाली, वग उभा राहिला की बोरटेकपासून धुळ्यापर्यंतच्या बाया त्याच जागी रडायच्या. यात त्याचा अंदाज कधी चुकला नाही, आणि याचा त्याला माजही होता.

पण नुसत्या कानावर सिनेमा कसा कळेल? न बोलता घडतं त्याचं काय? त्यासाठी शेजारी सुपडू असे.

सुपडू हा त्याचा थोरला भाऊ. धरणगावच्या पलीकडे बोरटेकला शेती करायचा, कापूस लावायचा. अभिमन त्याला नाना म्हणायचा. नाना घरात फार बोलायचा नाही, बाहेर तर त्याहून कमी. पण टॉकीजच्या अंधारात तो अभिमनच्या कानाशी तोंड नेऊन, पडद्यावर जे नुसतं दिसतं ते दोन-दोन शब्दांत सांगायचा. "हात जोडात." "चिठ्ठी फाडी." "बाप उठना." एवढंच. बरं-वाईट काही नाही, पुढे काय होईल याचा तर्क नाही. सिनेमा संपला की दोघे एस.टी. स्टँडवर चहा प्यायचे आणि गाडी धरणगावला पोचेपर्यंत अभिमनच्या डोक्यात वग तयार असायचा. त्या कामाचं श्रेय नानाला कोणी दिलं नाही आणि त्याने मागितलंही नाही. फडाचा मालक प्रेमराज सुद्धा लोकांना सांगताना म्हणायचा, "आपला अभिमन पाठीनं पिक्चर बघतो." अभिमन हसायचा. पाठीला डोळे कोणाचे आहेत, ते सांगायचं राहून जायचं.

भांडण झालं ते 'वाटणीनी माय' या वगावरून.

त्या सिनेमात दोन मुलगे आईला महिना-महिना वाटून घेतात आणि थोरली सून तिचा छळ करते. गोष्ट सोन्यासारखी होती. अडचण एवढीच, की सिनेमातली सून इंग्रजी-हिंदी मिसळून भांडायची आणि ते अहिराणीत आणलं की त्यातला काटाच निघून जायचा. अभिमनला एक असं वाक्य हवं होतं, की जे ऐकून जत्रेतली म्हातारी जागची उठली पाहिजे. आणि तसं वाक्य त्याच्यापाशी होतं. घरचंच होतं.

त्यांची माय शेवटची बरीच वर्षं सुपडूकडे होती. अभिमन आणि त्याची बायको मंदाबाई दसऱ्यापासून वैशाखापर्यंत फडाबरोबर हिंडायचे, पावसाळ्यात घरी यायचे. अशाच एका पावसाळ्यात घरी सोयरे आले होते, आत पंगत बसली होती. अभिमन बाहेर ओट्यावर गल्लीकडे तोंड करून विडी ओढत होता. आतून वहिनीचा, म्हणजे भिकुबाईचा आवाज आला, "माय, तुम्ही भितकडे तोंड करीसन जेवा." अभिमनने मान वळवली नाही. विडीचा झुरका मात्र अर्ध्यावर राहिला. चार माणसांत सासूला भिंतीकडे तोंड करून जेवायला लावणारी बाई आपल्या घरात आहे, हे त्याला फार लागलं. पण आपण वर्षातले आठ महिने घरी नसतो, आपल्याला बोलायचं तोंड नाही, हे त्याला कळत होतं. आणि जे बोलता येत नाही ते अभिमन वगात घालायचा.

माय गेल्यावर दोन वर्षांनी 'वाटणीनी माय' उभा राहिला. माय झाली मंदाबाई, सून झाली सारिका, फडातली ठसक्याची नटी. सारिकाने कंबरेवर हात ठेवून ते वाक्य टाकलं आणि मंदाबाई ताटली घेऊन निमूट भिंतीकडे वळली. तो पहिलाच खेळ होता, आणि अभिमनने तो नेमका बोरटेकच्या जत्रेत लावला. आपल्या गावाला पहिला मान, या हौसेने. बायांमधून असा कल्लोळ उठला की पेटीवाल्याला थांबावं लागलं. "मरी जाय तू!" म्हणून एका म्हातारीने चप्पल भिरकावली. आणि मग, सुपडूच्या घरी त्या पंगतीत जेवून गेलेल्या सोयऱ्यांच्या बायका ज्या बाजूला बसल्या होत्या तिथून माना वळायला लागल्या. भिकुबाई त्यांच्यातच बसली होती. तिने थोडा वेळ समोर पाहिलं, मग आपली बसायची गोधडी गुंडाळली आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी फडाचा ट्रक भरत असताना सुपडू आला. एवढंच म्हणाला, "ते वाक्य काढी टाक."

"नाना, वाक्य काढं तर वग पडी," अभिमन म्हणाला. मग आवाज चढवून म्हणाला, "खोटं शे का ते? सांग ना, खोटं शे का?"

खोटं नव्हतंच.  सुपडू आल्या वाटेने निघून गेला. बोलणं बंद झालं ते तेव्हापासून. वर्षभर गावातल्या पोरी नळावर एकमेकींना "भितकडे तोंड करा" म्हणून हसायच्या, भिकुबाई हंडा भरून वर न बघता निघून जायची. 'वाटणीनी माय' इतका चालला की प्रेमराजने त्याचं पोस्टर रंगवून ट्रकच्या पाठीवर लावलं. मंदाबाई अधूनमधून नवऱ्याला म्हणायची, "काढी टाका ते. रोज भित दखीसन मी कटाळनू." अभिमन ऐकल्या न ऐकल्यासारखं करायचा. हट्टीपणात तो नानाचाच भाऊ होता.

नानाने बोलणं सोडलं तसे अभिमनच्या पाठीचे डोळेही गेले, आणि हे कळायला त्याला वेळ लागला. तो एकटा जाऊन पडद्याकडे पाठ करून बसू लागला. 'रिकामी खाट' हा वग त्याने तसाच बसवला. सिनेमात मुलं भांडतात, मग एकदम सगळं शांत होतं, मग सुना हंबरडा फोडतात आणि गाणं लागतं. समोर बायाही रडत होत्या. अभिमनने ताडलं, बाप मेला. पण मध्यंतरानंतर बाप पुन्हा बोलायला लागला! एका मोकळ्या जागी कोणाशी तरी सुखदुःखाच्या गोष्टी करत होता. अभिमन क्षणभर गोंधळला, आणि मग त्याने आपल्या परीने उलगडा केला: हा बापाचा आत्मा, आणि शेजारी बोलतोय तो चित्रगुप्त. वगात त्याने बापाची तिरडी काढली, पांढरं धोतर नेसवून आत्मा आणला, चित्रगुप्ताला मोठी वही दिली आणि बतावणीच्या सोंगाड्याला त्या जागी बसवून लोकांना हसवून हसवून लोळवलं. वग तुफान चालला. ज्यांनी नंतर तो सिनेमा पाहिला त्यांनी सिनेमावाल्यांना नावं ठेवली, की चित्रगुप्त गाळून टाकला. अभिमनला मात्र कोणी आत्मा-बित्माचं कौतुक केलं की आत कुठेतरी खुट्ट व्हायचं. नाना शेजारी असता तर त्या शांततेत कानाशी काहीतरी बोलला असता.

यंदा बोरटेकची सुपारी आली. इतकी वर्षं जत्रेच्या पंचांत सुपडू बसायचा आणि हा फड सोडून दुसरा कुठलाही बोलवा म्हणायचा. यंदा तो पंचांत होता आणि गप्प बसला. प्रेमराजला आनंद झाला. "घरचं गाव आहे. संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन्ही वेळेला 'वाटणीनी माय' लावायचा. तोच मागितलाय," तो म्हणाला. अभिमन हो म्हणाला आणि त्या दिवसापासून त्याचं जेवण कमी झालं. नानाचं गप्प बसणं म्हणजे परवानगी की परीक्षा, हे त्याला कळेना. साठी उलटली होती. मायच्या मागे रक्ताचं असं एकच माणूस उरलं होतं, आणि या वेळी चुकलं तर पुन्हा संधी मिळणार नाही, याची त्याला धास्ती होती.

ट्रक बोरटेकमध्ये शिरला तेव्हा त्याने सारिकाला बोलावून सांगितलं, "आज ते वाक्य घेऊ नको. नुसती ताटली आपट आणि जा." सारिका म्हणाली, "बाबा, त्या वाक्यासाठीच तर मला शिव्या पडतात." शिव्या हीच तिची कमाई होती, त्यामुळे तिचं तोंड उतरलं. मंदाबाईने सुस्कारा सोडला.

पोलीस दहाला स्पीकर बंद करायला लावतात म्हणून हल्ली खेळ उजेडीच सुरू होतो. देवळापुढच्या मैदानात स्टेज होतं. अभिमन नेहमीच्या जागी, स्टेजच्या कोपऱ्यात टाळ घेऊन बसला: नटांकडे पाठ, लोकांकडे तोंड. पंच पुढे खुर्च्यांवर होते, त्यात सुपडू. केस सगळे पांढरे झाले होते. भिकुबाई कुठे दिसली नाही. तिचं घर देवळाच्या मागेच होतं आणि कर्णा थेट त्या बाजूला तोंड करून बांधला होता.

जेवणाचा प्रसंग आला. सारिकाने ताटली आपटली आणि काही न बोलता वळली.  मग बायांमधून एक आवाज आला, "भितकडे तोंड करीसन जेवा!" त्यावर दुसरा. मग सगळ्याच ओरडायला लागल्या, हसायला लागल्या. आजूबाजूच्या साऱ्या जत्रांमधून वग पाठ झालेल्या बाया त्या. नटी विसरली असं समजून त्या तिला मदत करत होत्या. अभिमनच्या हातातला टाळ थांबला. वाक्य काढायचं म्हटलं तरी ते आता त्याच्या हातात राहिलं नव्हतं, हे त्याला तिथे बसल्या बसल्या कळलं. त्याला फार लाज वाटली.

सुपडू खुर्चीवरून उठला. लोकांना वाटलं, म्हातारा चालला निघून. पण तो पायऱ्या चढून स्टेजच्या कोपऱ्यात आला आणि म्हणाला, "सरक."

अभिमन सरकला. सुपडू शेजारी बसला, पूर्वीसारखाच, तोंड खेळाकडे करून.  मग अभिमनच्या कानाशी वाकला.

"त्या खाटना पिच्चरमा बाप मरस नही."

अभिमनला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं.

"मी अमळनेरले जाईसन दखा पिच्चर," सुपडू म्हणाला. "बाप काठी खाटवर ठेवस. मांगना दारथून निंघी जास. काही बोलस नही. जित्ता शे तो."

"आनि तो चित्रगुप्त?"

"चहावाला शे."

दुसऱ्या कुठल्या वेळी अभिमन हसला असता. सुपडू मात्र थांबला नव्हता. तो आता स्टेजकडे बघतच नव्हता, पण बोलायची तऱ्हा तीच होती, दोन-दोन शब्दांची.

"त्या दिन तू ओटावर व्हता. तू आयकं. मी दखं. मायना हात कापे. घास खाले पडे. सोयरा दखेत, मायले लाज वाटे. जेवाले बठे ना ती. तवय तुन्ही वहिनी बोलनी, भितकडे तोंड करा. आनि सोता मधमा बठनी, आड. कोनले दिसाले नको म्हनीसन. घास तिन्हीच भरावा."

स्टेजवर मंदाबाईचं रडगाणं चालू होतं. अभिमनने टाळ मांडीवर ठेवला.

"मंग सांगं काब नही, नाना?"

"राग व्हता," सुपडू म्हणाला. "तू इचारं बी नही. खोटं शे का एवढंच इचारं."

त्याच संध्याकाळी, खेळ उरकल्यावर, अभिमनने फड उतरला होता त्या शाळेच्या वऱ्हांड्यात मंदाबाईला आणि सारिकाला बसवून प्रसंग नव्याने बांधला. फार काही बदलायचं नव्हतं. वाक्य तेच ठेवायचं, पण कंबरेवरचा हात काढायचा. सासूचा हात कापला पाहिजे. सुनेने तिला वळवायचं आणि लोकांकडे पाठ करून मध्ये बसायचं. धाकटा लेक मात्र दाराबाहेर उभा राहून नुसतं ऐकेल आणि तोच घरात आग लावेल. प्रेमराज म्हणाला, "अरे, मग वाईट कोण?" अभिमन म्हणाला, "धाकला." प्रेमराजने पोस्टरकडे पाहिलं, पोस्टरवर सारिकाच डोळे वटारून उभी होती, आणि तो पुटपुटत झोपायला गेला.

सकाळचा खेळ झाला. सारिका वाक्य बोलली, हळू. सवयीने काही बायांनी तोंडं उघडली आणि तशीच मिटली. सारिका सासूला आडोसा करून बसली, लोकांना फक्त तिची पाठ आणि घास भरवणाऱ्या कोपराची हालचाल दिसत होती. कोणी चप्पल फेकली नाही. टाळ्याही पडल्या नाहीत. सुपडू अभिमनच्या कानाशी म्हणाला, "बरोबर," आणि खेळ संपल्यावर म्हणाला, "घर चाल. जेवाले."

अभिमन गेला खरा, पण मनात एक भीती घेऊन. कर्ण्यावरून वाक्य घरात पोचलं असणार, आणि बसलेली पाठ काही कर्ण्यावरून ऐकू येत नाही. वहिनीने पुन्हा तेच ऐकलं असेल, तिच्याच दारात, जत्रेच्या दिवशी.

घरात पाहुणे होते, जत्रेचे. वरणबट्टीची पंगत मांडली होती. भिकुबाई चुलीपाशी होती. अभिमनने वाकून तिच्या पायांना हात लावला. वहिनी या नात्याने पाया पडायची त्यांच्याकडे रीत होती, पण इतक्या वर्षांत त्या रीतीला वेळच आली नव्हती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज कोनी वरडनं नही, भाऊ."

"नही, वहिनी."

"मी आयकी रायंतू. वाक्य व्हतं, पन कोनी हासनं नही. मी समजनू, काही तरी निराळं दखाडं व्हई."

तिने बट्टी कुस्करली, वर वरण ओतलं, तुपाची धार सोडली आणि ताट त्याच्यापुढे ठेवलं. सुपडू शेजारी बसला. समोर सोयऱ्यांची रांग होती, त्यातले काहीजण त्या जुन्या पंगतीतलेही होते. अभिमनने घास उचलला आणि त्याचा हात थांबला. वीस-बावीस वगांमध्ये त्याने नेमक्या जागी बायांना रडवलं होतं, आता त्याला स्वतःला आवरेना. घास ताटात पडला. सोयरे बघायला लागले.

भिकुबाई ताक वाढायचं भांडं खाली ठेवून आली आणि त्याच्या व पाहुण्यांच्या मध्ये, पंगतीकडे पाठ करून बसली.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "भितकडे तोंड करा नि जेवा."

अभिमन भिंतीकडे वळला आणि जेवला.